विल्यम मॅकमास्टर: कापडाच्या पेढीतून कॅनडाच्या सिनेटमध्ये (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

विल्यम मॅकमास्टर कोण होते?

विल्यम मॅकमास्टर हे एकोणिसाव्या शतकातील टोरंटोचे मोठे घाऊक कापडव्यापारी, कॅनेडियन बँक ऑफ कॉमर्सचे संस्थापक अध्यक्ष आणि कॅनडाच्या पहिल्या सिनेटमधील नियुक्त सदस्य होते. त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८११ रोजी आयर्लंडमधील टायरोन परगण्यात झाला आणि २२ सप्टेंबर १८८७ रोजी टोरंटोत त्यांचे निधन झाले. आज त्यांचे नाव जगभर घेतले जाते ते हॅमिल्टन शहरातील मॅकमास्टर विद्यापीठामुळे. या विद्यापीठात शिकायला जाणारे मराठी विद्यार्थी ते नाव रोज उच्चारतात. पण ते एका कापडव्यापाऱ्याचे आडनाव आहे, हे त्यांतल्या अनेकांच्या ध्यानात येत नाही. हे पान मुख्यतः त्या वाचकांसाठी, आणि निवडून न येता कायदेमंडळात बसणाऱ्या धनिकांविषयी कुतूहल असणाऱ्या सर्वांसाठी लिहिले आहे.

'सिनेटर' म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटचे सदस्य का?

हा गोंधळ स्वाभाविक आहे. महाराष्ट्रात सिनेट म्हटले की मुंबई किंवा पुणे विद्यापीठाची अधिसभा आणि तिच्या निवडणुका आठवतात. कॅनडाचे सिनेट हे मात्र देशाच्या संसदेचे वरिष्ठ सभागृह आहे, म्हणजे आपल्याकडील राज्यसभेच्या जागी असलेले. मॅकमास्टर यांच्या बाबतीत गोंधळाला आणखी एक कारण आहे. १८६७ पासून ते संसदेच्या सिनेटचे सदस्य होते आणि १८७३ मध्ये टोरंटो विद्यापीठाच्या सिनेटवरही त्यांची नेमणूक झाली. दोन्ही अर्थांनी ते सिनेटर होते. या पानावर जिथे नुसते 'सिनेट' लिहिले आहे, तिथे संसदेचे सभागृह अभिप्रेत आहे.

ते जन्मतः श्रीमंत होते का?

नव्हते, पण अगदी दरिद्रीही नव्हते. वडील लिननच्या कापडाचे व्यापारी होते. टायरोन आणि त्याच्या भोवतालचा अल्स्टर प्रांत त्या काळी अळशीच्या धाग्यापासून विणलेल्या लिननसाठी प्रसिद्ध होता. त्यामुळे कापडाचा पोत, धाग्याची जात, गज आणि भाव यांचे ज्ञान मुलाला घरातच मिळाले. शिक्षण संपल्यावर त्यांनी थोडा काळ एका व्यापारी पेढीवर कारकुनी केली आणि १८३३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते अटलांटिक ओलांडून अपर कॅनडा (आजचा ओंटारिओ प्रांत) या ब्रिटिश वसाहतीत आले. त्यांनी मुक्काम केला ते यॉर्क नावाचे चिखलाच्या रस्त्यांचे गाव पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, टोरंटो या नावाने शहर झाले. त्या वेळी तिथली लोकसंख्या सुमारे नऊ हजार होती.

तिथे रॉबर्ट कॅथकार्ट नावाच्या व्यापाऱ्याच्या कापडाच्या पेढीत त्यांना नोकरी मिळाली आणि सुमारे वर्षभरातच मालकाने त्यांना भागीदार करून घेतले. परक्या गावातून आलेल्या कारकुनाला इतक्या लवकर भागीदारी मिळते, तेव्हा त्याने मालकाचा विश्वास किती मिळवला असेल हे सांगायला वेगळा पुरावा लागत नाही. दहा वर्षांनी, १८४४ मध्ये, ते त्या पेढीतून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचा घाऊक व्यापार सुरू केला.

कापडाच्या व्यापारात एवढा पैसा कसा मिळाला?

या प्रश्नाचे उत्तर भूगोलात आहे आणि ते जरा सविस्तर समजून घेण्यासारखे आहे. त्या काळी कॅनडात कारखाने फारसे नव्हते. सुती, लोकरी आणि लिननचे कापड इंग्लंड व स्कॉटलंडमधून जहाजाने येई, सेंट लॉरेन्स नदीतून मॉन्ट्रियलला उतरे आणि तिथले बडे घाऊक व्यापारी ते पश्चिमेकडच्या गावांना विकत. टोरंटोचा दुकानदार मॉन्ट्रियलच्या पेढ्यांवर अवलंबून असे. त्यात हिवाळ्यात नदी गोठून कित्येक महिने मार्ग बंद पडे, त्यामुळे वर्षभराचा माल आधीच मागवून ठेवावा लागे.

१८४५ आणि १८४६ मध्ये अमेरिकेने कायदे बदलले आणि न्यूयॉर्क बंदरातून कॅनडाकडे जाणाऱ्या मालावरील अमेरिकी जकात माफ केली. न्यूयॉर्क बंदर हिवाळ्यातही उघडे असते. तिथून इरी कालव्याने आणि पुढे रेल्वेने माल थेट ओंटारिओ सरोवराकाठी येऊ लागला. मॉन्ट्रियलला वगळून ब्रिटनमधून स्वतः खरेदी करणे टोरंटोच्या व्यापाऱ्याला आता परवडू लागले. मॅकमास्टर यांनी आपली पेढी नेमकी या बदलाच्या तोंडावर उघडली होती. पुढे १८५३ ते १८५६ या काळात टोरंटोपासून उत्तरेला, पश्चिमेला आणि मॉन्ट्रियलकडे रेल्वेमार्ग सुरू झाले, आणि टोरंटो हे ओंटारिओतील शेकडो खेड्यांचे पुरवठा केंद्र बनले. १८६१ पर्यंत शहराची वस्ती पंचेचाळीस हजारांच्या घरात गेली.

घाऊक व्यापाऱ्याचा खरा धंदा मात्र उधारीचा होता. खेड्यातला दुकानदार वसंतात माल उचले आणि गव्हाचे पीक विकले गेले की शरदात पैसे फेडे. कोणाला किती उधार द्यावी, कोणाची हुंडी वटेल, कोणते पीक बुडण्याची चिन्हे आहेत, याचा अंदाज चुकला तर पेढी बसे. १८५७ च्या मंदीत अनेक पेढ्या अशाच बसल्या. मॅकमास्टर यांची टिकली. आपल्याकडच्या बाजारपेठेतील जुन्या आडत्यांना हे गणित समजावून सांगावे लागणार नाही. ज्याला उधारीचे गणित जमले, तो निम्मा सावकार झालेलाच असतो, आणि म्हणूनच पुढे त्यांनी व्यापार पुतण्यांच्या हाती सोपवून बँकेकडे वळणे हे त्याच कामाचे पुढचे पाऊल होते, असे मला वाटते.

बँक काढण्याची गरज का भासली?

दोन कारणे होती. पहिले कारण असे की अपर कॅनडातील सर्वांत जुनी व मोठी बँक, बँक ऑफ अपर कॅनडा, जमिनीच्या सट्ट्यात आणि रेल्वेच्या कर्जांत रुतली होती आणि सप्टेंबर १८६६ मध्ये ती बुडाली. दुसरे कारण मॉन्ट्रियलमध्ये होते. १८६४ मध्ये बँक ऑफ मॉन्ट्रियल सरकारची बँक झाली आणि तिचे प्रमुख एडविन किंग यांनी ओंटारिओतील कर्जे आखडती घेतली. टोरंटोच्या व्यापाऱ्यांना वाटू लागले की ठेवी आपल्या भागातून जातात आणि कर्ज देण्याची वेळ आली की मॉन्ट्रियल हात आखडते. ही तक्रार निराधार नव्हती.

मॅकमास्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्तीचा मार्ग काढला. विल्यम कॉथ्रा नावाच्या टोरंटोच्या धनिकाकडे 'बँक ऑफ कॅनडा' या नावाने १८५८ मध्ये मिळालेली, पण कधीच न वापरलेली सनद होती. ती त्यांनी विकत घेतली, नाव बदलून घेतले आणि १५ मे १८६७ रोजी कॅनेडियन बँक ऑफ कॉमर्सचे दार उघडले. मॅकमास्टर पहिले अध्यक्ष झाले आणि १८८६ पर्यंत त्या पदावर राहिले. बँकेने १८७० मध्ये हॅमिल्टनची गोर बँक सामावून घेतली आणि १८७४ पर्यंत तिचे भरणा झालेले भागभांडवल ६० लाख डॉलरपर्यंत गेले. १९६१ मध्ये इंपीरियल बँकेत विलीन होऊन तिची कॅनेडियन इंपीरियल बँक ऑफ कॉमर्स झाली, जी आज कॅनडातील सर्वांत मोठ्या बँकांपैकी एक आहे. तिकडे स्थायिक झालेल्या कित्येक मराठी कुटुंबांचे पगार तिच्या खात्यांत जमा होत असतील.

राजकारणात ते कसे आले? ते कधी निवडून आले होते का?

होय, आणि हीच त्यांच्या कथेतील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. कॅनडा प्रांताच्या (आजचे ओंटारिओ आणि क्वेबेक तेव्हा मिळून हा एकच प्रांत होता) विधान परिषदेत पूर्वी सर्व सदस्य आजन्म नियुक्त असत. १८५६ च्या कायद्याने नव्या जागा आठ वर्षांच्या मुदतीच्या आणि निवडणुकीने भरायच्या केल्या. मॅकमास्टर १८६२ मध्ये मिडलँड विभागातून सुधारणावादी पक्षातर्फे त्या परिषदेवर निवडून आले. त्या पक्षाचे प्रमुख नेते 'ग्लोब' वृत्तपत्राचे संपादक जॉर्ज ब्राऊन होते. स्वतः ब्राऊन मात्र वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकांच्या विरोधात होते. दोन्ही सभागृहे निवडून आली तर दोन्ही आपणच लोकांचे खरे प्रतिनिधी असल्याचे सांगतील आणि सरकार अडून बसेल, असे त्यांचे मत होते.

पाच वर्षांनी कॅनडा, नोव्हा स्कोशा आणि न्यू ब्रन्सविक यांचे संघराज्य झाले तेव्हा नव्या संसदेचे वरिष्ठ सभागृह पुन्हा नियुक्त करण्याचे ठरले. मतदारांनी निवडून दिलेला माणूस त्याच जागेवर आजन्म नियुक्त झाला आणि त्यानंतर त्याला कधीही मतदारांपुढे जावे लागले नाही. लोकशाहीचा प्रवास नेहमी पुढच्याच दिशेने होतो असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर ध्यानात ठेवावे.

सिनेटवर त्यांची नेमणूक कोणी आणि कशी केली?

पहिल्या ७२ सिनेटरांची नावे मे १८६७ मध्ये निघालेल्या राणी व्हिक्टोरियाच्या जाहीरनाम्यातच दिली होती: ओंटारिओचे २४, क्वेबेकचे २४ आणि सागरी प्रांतांचे, म्हणजे नोव्हा स्कोशा आणि न्यू ब्रन्सविकचे, २४. संघराज्य १ जुलै १८६७ रोजी अस्तित्वात आले. पहिल्या नेमणुका बहुतांशी जुन्या विधान परिषदांच्या सदस्यांमधून करायच्या आणि त्या करताना विरोधी पक्षालाही योग्य वाटा द्यायचा, असा ठराव १८६४ च्या क्वेबेक परिषदेत झाला होता. त्यामुळेच जॉन मॅकडोनल्ड यांच्या पुराणमतवादी नेतृत्वाखाली सरकार बनत असतानाही मॅकमास्टर यांच्यासारख्या सुधारणावाद्याला जागा मिळाली. पुढच्या काळात मात्र पंतप्रधान आपल्याच पक्षाच्या माणसांची वर्णी लावू लागले आणि सिनेट म्हणजे पक्षनिष्ठांना दिलेले बक्षीस, अशी त्या सभागृहाची प्रतिमा झाली.

सिनेटर होण्यासाठी श्रीमंत असणे आवश्यक होते का?

कायद्याने तशी अटच होती. वय किमान ३० वर्षे, त्या प्रांतात वास्तव्य, किमान ४,००० डॉलर किमतीची स्थावर मालमत्ता आणि देणी वजा जाता एकूण किमान ४,००० डॉलरची संपत्ती, अशा या अटी होत्या. त्या काळात ही रक्कम बहुसंख्य शेतकरी आणि कामगारांच्या आवाक्याबाहेरची होती. क्वेबेक परिषदेत मॅकडोनल्ड यांनी यामागचा विचार उघडपणे मांडला होता. अल्पसंख्याकांच्या हक्कांचे रक्षण झाले पाहिजे, आणि श्रीमंत हे गरिबांपेक्षा नेहमीच संख्येने कमी असतात, असे ते म्हणाले होते. श्रीमंतांना संरक्षण हवे असलेला अल्पसंख्य गट म्हणणे आज कानाला खटकते, आणि ते खटकलेच पाहिजे.

आश्चर्य म्हणजे ४,००० डॉलरची अट अजूनही राज्यघटनेत आहे. आता ती रक्कम किरकोळ वाटते, तरी अडचण येऊ शकते. १९९७ मध्ये पेगी बट्स या नोव्हा स्कोशातील जोगिणीची, म्हणजे दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या ख्रिस्ती भगिनीची, नेमणूक झाली तेव्हा त्यांच्या नावावर काहीच मालमत्ता नव्हती. अट पूर्ण व्हावी म्हणून त्यांच्या धर्मसंघाने जमिनीचा एक लहानसा तुकडा त्यांच्या नावे करून दिला.

आपल्याकडील नामनिर्देशित सदस्यांशी याची तुलना करता येईल का?

काही अंशी करता येईल. राष्ट्रपती राज्यसभेवर १२ सदस्य नामनिर्देशित करतात आणि राज्यपाल महाराष्ट्र विधान परिषदेवर १२. मात्र आपल्या राज्यघटनेने त्यासाठी साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा ही क्षेत्रे सांगितली आहेत, विधान परिषदेसाठी त्यांत सहकार चळवळीची भर घातली आहे, आणि मालमत्तेची कोणतीही अट घातलेली नाही. कॅनडात सभागृहातील सगळेच सदस्य नियुक्त असतात, आणि १८६७ मध्ये त्यांच्याकडून पहिली अपेक्षा ज्ञानाची नव्हती, ती जमीनजुमल्याची होती. दोन्हीकडे निवडून न आलेली माणसे कायदे करतात, पण त्यांना तिथे का बसवायचे याची उत्तरे मुळातूनच वेगळी आहेत.

सिनेटर म्हणून त्यांनी काय केले?

ते गाजलेले वक्ते नव्हते. त्यांचे सिनेटमधील लक्ष प्रामुख्याने व्यापार, बँका आणि अर्थव्यवहार या विषयांवर होते, आणि त्यांच्या तिथल्या वीस वर्षांतील एका प्रसंगावर थांबणे आवश्यक आहे.

१८६९ मध्ये अर्थमंत्री जॉन रोझ यांनी बँकांसाठी नवी योजना मांडली. त्या काळी बँका स्वतःच्या नोटा छापत. रोझ यांच्या योजनेनुसार अमेरिकेतल्याप्रमाणे प्रत्येक बँकेला नोटा काढण्यासाठी तेवढ्या रकमेचे सरकारी रोखे विकत घेऊन ठेवावे लागणार होते. बँक ऑफ मॉन्ट्रियलच्या किंग यांचा या योजनेला पाठिंबा होता. नोटाधारकांच्या दृष्टीने ती सुरक्षित होती, कारण बँक बुडाली तरी रोखे विकून पैसे देता आले असते. पण ओंटारिओतील बँकांचे काम गव्हाच्या हंगामावर चाले. शरदात पीक खरेदी करायला खूप नोटा लागत आणि वसंतापर्यंत त्या परत येत. नोटांना रोख्यांशी बांधून टाकले असते तर ऐन हंगामात चलन अपुरे पडले असते, आणि कर्जासाठी वापरायचा पैसा सरकारी रोख्यांत अडकला असता. मॅकमास्टर यांनी ओंटारिओच्या बँकांच्या विरोधाचे नेतृत्व केले. योजना मागे घ्यावी लागली आणि त्याच वर्षी रोझ यांनी पद सोडले. त्यांच्या जागी आलेले फ्रान्सिस हिंक्स यांनी तडजोड केली. एक व दोन डॉलरच्या नोटा सरकारने काढायच्या, त्यांहून मोठ्या नोटा बँकांनी, अशी विभागणी झाली आणि १८७१ मध्ये नवा बँक कायदा आला. बँकांच्या सनदा दहा वर्षांच्या मुदतीच्या करून प्रत्येक वेळी कायद्याचा फेरविचार करण्याची प्रथाही तेव्हापासून रुळली. अनेक शाखा असलेल्या मोजक्या, मोठ्या बँका हे कॅनडाच्या बँकव्यवस्थेचे जे रूप आज दिसते, त्याचा पाया या वादात घातला गेला.

मग हा हितसंबंधांचा संघर्ष नव्हता का?

होता, आणि तो लपवण्याचे कारण नाही. एका बँकेचा अध्यक्ष संसदेत बसून बँकांच्या कायद्यावर प्रभाव टाकत होता. आजच्या नियमांनुसार त्यांना निदान आपला संबंध जाहीर करून चर्चेतून बाजूला व्हावे लागले असते. १८६९ मध्ये मात्र अशी अपेक्षाच नव्हती. ज्याला धंद्याचे ज्ञान आहे त्यानेच त्या धंद्याच्या कायद्यावर बोलावे, अशी समजूत होती.

माझे मत असे आहे की रोझ यांची योजना ओंटारिओच्या शेतकऱ्यांना अडचणीत आणणारी होती, आणि मॅकमास्टर यांचा विरोध परिणामांच्या दृष्टीने योग्य होता. पण योग्य निर्णयाने पद्धतीतील दोष पुसला जात नाही. त्या वेळी शेतकऱ्याचे हित आणि बँकेचे हित एका बाजूला होते. ज्या प्रश्नात ते दोन बाजूंना गेले असते, तिथे शेतकऱ्याच्या वतीने बोलायला चार हजार डॉलरची मालमत्ता असलेल्यांच्या त्या सभागृहात कोण बसले होते, हा प्रश्न विचारल्याशिवाय मॅकमास्टर यांच्या सिनेटमधील कारकिर्दीचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.

त्यांचे आणखी कोणते उद्योग होते?

ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या संचालक मंडळावर ते होते आणि १८७१ मध्ये स्थापन झालेल्या कॉन्फेडरेशन लाइफ या विमा कंपनीच्या उभारणीत त्यांचा सहभाग होता. १८६५ मध्ये प्रांताच्या शिक्षण परिषदेवरही त्यांची नेमणूक झाली होती.

त्यांच्या खाजगी आयुष्याविषयी काय माहीत आहे?

त्यांनी दोन विवाह केले. पहिल्या पत्नी मेरी हेंडरसन १८६८ मध्ये वारल्या आणि १८७१ मध्ये त्यांनी सुझन मोल्टन फ्रेझर या विधवेशी विवाह केला. त्यांना मूलबाळ नव्हते. ते तरुणपणापासून बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे होते. हा पंथ कॅनडात अँग्लिकन किंवा प्रेस्बिटेरियन पंथांच्या तुलनेत लहान आणि कमी प्रतिष्ठित मानला जाई, आणि धर्मसंस्थेने सरकारी पैसा घेऊ नये या तत्त्वावर तो ठाम होता. हे तत्त्व ध्यानात घेतले म्हणजे मॅकमास्टर यांच्या दानाचा अर्थ कळतो. सरकारकडे हात पसरायचा नसेल तर संस्था चालवण्यासाठी पंथातील धनवानांनीच खिसा मोकळा केला पाहिजे.

दुसऱ्या पत्नीचा प्रभाव या बाबतीत मोठा होता. १८७५ मध्ये उभ्या राहिलेल्या जार्व्हिस स्ट्रीट बाप्टिस्ट चर्चच्या खर्चाचा मोठा वाटा या दांपत्याने उचलला. पतीच्या निधनानंतर सुझन यांनी ब्लूर स्ट्रीटवरील राहता वाडा मुलींच्या शिक्षणासाठी दिला आणि १८८८ मध्ये तिथे मोल्टन लेडीज कॉलेज सुरू झाले. ते १९५४ पर्यंत चालले. मुलींच्या शाळेसाठी स्वतःचे घर देणाऱ्या या बाईंचे नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे, याची खंत वाटते.

विद्यापीठ त्यांनी स्वतः स्थापन केले का?

पूर्ण झालेले विद्यापीठ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. बाप्टिस्टांची वुडस्टॉक येथे १८६० मध्ये उघडलेली एक शिक्षणसंस्था होती. मॅकमास्टर यांनी तिचा धर्मशास्त्र विभाग टोरंटोत आणण्यासाठी ब्लूर स्ट्रीटवर जमीन घेतली, स्वखर्चाने लाल विटांची भव्य इमारत बांधली आणि १८८१ मध्ये टोरंटो बाप्टिस्ट कॉलेज सुरू झाले. एप्रिल १८८७ मध्ये या दोन्ही संस्था एकत्र करून मॅकमास्टर विद्यापीठ स्थापन करण्याचा कायदा संमत झाला. पाच महिन्यांनी ते वारले. मृत्युपत्राने त्यांनी आपल्या संपत्तीचा मोठा भाग, सुमारे ९ लाख डॉलर, विद्यापीठाला दिला.

त्याच सुमारास ओंटारिओ सरकार सर्व पंथांच्या महाविद्यालयांना टोरंटो विद्यापीठात सामील होण्याचा आग्रह करीत होते. मॅकमास्टर यांच्या दानामुळे बाप्टिस्टांना तो नाकारता आला. १८८८ मध्ये ग्वेल्फ येथे भरलेल्या अधिवेशनात स्वतंत्र राहण्याचा निर्णय झाला आणि १८९० मध्ये कला शाखेचे वर्ग सुरू झाले. हे दान नसते तर आज मॅकमास्टर हे टोरंटो विद्यापीठातील एखादे महाविद्यालय असते, इतकेच.

विद्यापीठ आजही धार्मिक आहे का?

नाही. १९२० च्या दशकात इथे एक कडवा वाद झाला. जार्व्हिस स्ट्रीट चर्चचे धर्मोपदेशक टी. टी. शील्ड्स यांनी विद्यापीठातील अध्यापक बायबलचा फारच मोकळा अर्थ लावतात असा आरोप केला आणि त्यातून पंथात फूट पडली. एकाच माणसाच्या पैशाने उभ्या राहिलेल्या दोन वास्तू एकमेकींविरुद्ध उभ्या ठाकल्या. १९३० मध्ये विद्यापीठ हॅमिल्टनला हलले आणि १९५७ मध्ये ते पंथनिरपेक्ष झाले. धर्मशास्त्राचे महाविद्यालय वेगळे करण्यात आले. ग्रीक भाषेतील बायबलचे बोधवाक्य मात्र अजून टिकून आहे.

त्यानंतर या विद्यापीठाची कीर्ती विज्ञान आणि वैद्यकात झाली. तिथले प्राध्यापक बर्ट्रम ब्रॉकहाऊस यांना १९९४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९६० च्या दशकात सुरू झालेल्या वैद्यकीय शाखेने व्याख्यानांऐवजी रुग्णाच्या समस्येपासून सुरुवात करणारी अध्यापनपद्धती रूढ केली, आणि 'पुराव्यावर आधारित वैद्यक' ही संज्ञा तिथल्याच गॉर्डन गायट यांनी १९९० च्या सुमारास प्रचारात आणली. आपल्याकडील वैद्यकीय महाविद्यालयांत आता ही संज्ञा सर्रास वापरली जाते.

कॅनडात सिनेटरांची नेमणूक अजूनही अशीच होते का?

नेमणूक अजूनही होते, निवडणूक नाही. जागा आता १०५ आहेत. १९६५ पासून आजन्म मुदत संपून ७५ व्या वर्षी निवृत्ती सक्तीची झाली. २०१६ पासून एक स्वतंत्र सल्लागार मंडळ पंतप्रधानांना नावे सुचवते आणि कोणालाही अर्ज करता येतो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की सिनेट रद्द करायचे असेल तर सर्व प्रांतांची संमती लागेल. त्यामुळे मॅकमास्टर ज्या सभागृहात बसले ते आणखी बराच काळ राहील, असे दिसते.

त्यांच्याशी संबंधित ठिकाणे आज पाहता येतात का?

येतात. हॅमिल्टनमधील विद्यापीठाचा परिसर सर्वांना खुला आहे. टोरंटोत जार्व्हिस स्ट्रीट चर्च जागेवर उभे आहे. डेव्हनपोर्ट भागातील आपल्या घराला त्यांनी आयर्लंडमधल्या जन्मगावावरून 'रॅथनेली' असे नाव दिले होते. ते नाव तिथल्या रस्त्याला आणि वस्तीला राहिले, आणि १९६७ मध्ये कॅनडाच्या शताब्दीच्या वर्षी रहिवाशांनी हौसेने आपल्या वस्तीला 'रॅथनेलीचे प्रजासत्ताक' घोषित केले. ब्लूर स्ट्रीटवरील १८८१ ची लाल विटांची इमारत आता रॉयल कॉन्झर्व्हेटरी या संगीतसंस्थेकडे आहे. सिनेटर मॅकमास्टर यांनी धर्मोपदेशक घडवण्यासाठी बांधलेल्या त्या वास्तूत आज संगीताचे विद्यार्थी पियानो आणि व्हायोलिनचा सराव करतात.